चीनचा बाळराजा आणि आजीचे प्रश्न

आमच्या घरी ध्रुवबाळाची गोष्ट संपली की पाठोपाठ चीनच्या बाळराजाची गोष्ट यायची. एकाला मांडीवरून उतरवलं म्हणून तो रडला, दुसऱ्याला सिंहासनावर चढवलं म्हणून रडला, अशी आजोबांची सुरुवात ठरलेली. आजोबा शाळामास्तर. उन्हाळ्यात वीज गेली की गच्चीवर सतरंजी पडायची, आजी शेंगा फोडत बसायची आणि आम्हा पोरांना चीनचा इतिहास फुकटात मिळायचा.

सोलापुरात चीन कुठून आला, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले, तिकडेच लग्न केलं, तिकडेच ९ डिसेंबर १९४२ ला वारले. वय अवघं बत्तीस. १९४६ मध्ये शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ लागला तेव्हा आजोबा शाळकरी होते. सिनेमाने त्यांना चीनचं वेड लावलं ते कायमचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तोक्योच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात चीनचा माजी बादशहा साक्षीदार म्हणून उभा राहिला. एकीकडे डॉक्टर, एकीकडे बादशहा. आजोबांनी दोन्ही गोष्टींची सांगड आपली आपण घालून टाकली. एक योगायोग तर ते दर वेळी सांगत. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. बरोबर वर्षाने, १० ऑक्टोबर १९११ ला, वूचांगच्या छावणीत सैनिकांनी बंड केलं आणि चीनची बादशाही कोसळायला लागली. “सनावळी पाठ करू नका,” आजोबा म्हणायचे, “आपल्या डॉक्टरांचा वाढदिवस लक्षात ठेवा, पेपरात मार्क मिळतील.”

गोष्ट आजोबांची, पण ती अडवायची आजी. तिला बादशहापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या बायकांची काळजी जास्त. “अहो, त्या पोराची आई कुठं होती?” हा तिचा पहिला प्रश्न, आणि आजोबा तिथे हमखास अडखळायचे. पुढे या बाळराजाचं, पू यीचं, आत्मचरित्र हातात पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आजीने गच्चीवर बसून विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या माणसाने स्वतःच लिहून ठेवली आहेत.

पू यीचा जन्म ७ फेब्रुवारी १९०६ चा, बीजिंगमधल्या प्रिन्स चुनच्या वाड्यातला. या घराण्याचं नशीबच विचित्र. १८७५ साली याच घरातला तीन वर्षांचा मुलगा राजमाता त्सशीने उचलून गादीवर बसवला होता. तो ग्वांगशू, म्हणजे पू यीचा काका, बापाचा सावत्र भाऊ. मुलगा बादशहा झाल्याची बातमी ऐकून ग्वांगशूचा बाप शुद्ध हरपून कोसळला होता. आनंदाने नव्हे. त्सशीच्या हाताखाली गादीवर बसणं म्हणजे काय, हे तिच्या बहिणीशी लग्न केलेल्या त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं. १८९८ मध्ये ग्वांगशूने सुधारणा करायला घेतल्या तेव्हा त्सशीने त्याला नजरकैदेत टाकलं, ते तो मरेपर्यंत.

हा सगळा इतिहास वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ होता. म्हणूनच १३ नोव्हेंबर १९०८ च्या संध्याकाळी राजवाड्यातून माणसं पुन्हा त्याच घराण्याच्या दाराशी आली आणि या वेळी पू यीला मागू लागली, तेव्हा त्याची आजी जागच्या जागी बेशुद्ध पडली. एकीकडे तिला शुद्धीवर आणायची धावपळ, दुसरीकडे पोराचा आकांत. उचलायला येणाऱ्या खोजांना ते हातपाय झाडून मारत होतं. बाप, म्हणजे प्रिन्स झायफेंग, काय करावं ते न सुचून नुसता उभा. शेवटी दाईने पुढे होऊन पोराला छातीशी घेतलं, पाजलं, आणि ते गप्प झालं. ते पाहून दरबाऱ्यांनी दाईसकट पोर पालखीत घातलं. चीनचा शेवटचा बादशहा राजवाड्यात शिरला तो असा.

त्सशी मरणाला टेकली होती. पडद्याआडचा तिचा वाळका, भेसूर चेहरा पाहून पोराने भोकाड पसरलं. तिने साखरेत घोळवलेल्या फळांची काडी त्याच्या हातात द्यायला लावली, तर त्याने ती जमिनीवर भिरकावली आणि दाईच्या नावाने टाहो फोडला. कसलं हट्टी पोर आहे, न्या याला खेळायला, असं काहीतरी म्हातारी वैतागून म्हणाली. दुसऱ्याच दिवशी, १४ नोव्हेंबरला, ग्वांगशू वारला आणि १५ ला ती स्वतः. शंभर वर्षांनी चिनी तपासनीसांना ग्वांगशूच्या केसांत विषाइतकं आर्सेनिक सापडलं. ते कोणी घातलं, यावर बोटं अनेकांकडे दाखवली जातात. आमच्या आजोबांचं बोट सरळ त्सशीकडे असायचं.

२ डिसेंबरला राज्याभिषेक झाला. कडाक्याची थंडी, मोठं थोरलं दालन, उंच सिंहासन आणि खाली एकामागून एक लोटांगण घालणारे शेकडो अधिकारी. पोराला तीन वर्षंही पूर्ण नव्हती. मला इथे नाही आवडत, घरी जायचंय, असा त्याचा धोशा. बाप बाजूला गुडघ्यावर बसून त्याला दोन्ही हातांनी धरून होता आणि घामाघूम होऊन समजूत घालत होता, की रडू नको, झालंच, आता संपतंय. समारंभ उरकल्यावर दरबाऱ्यांत कुजबूज सुरू झाली. राज्याभिषेकाच्या मुहूर्तावर ‘संपतंय’ कोणी म्हणतं का? इथे आजी मान हलवायची. शुभकार्यात तोंडातून वावगं गेलं की काय होतं, हे तिला चीनहून शिकायची गरज नव्हती. मला विचाराल तर बापाने त्या दिवशी दरबारातलं एकमेव खरं वाक्य उच्चारलं.

राज्य किती केलं? तीन वर्षं आणि काही महिने, तेही बापाने राजप्रतिनिधी म्हणून. या झायफेंगची चेष्टा करण्यात इतिहासकारांची चढाओढ असते, पण माझं मत वेगळं आहे. १९११ च्या डिसेंबरात त्याला राजप्रतिनिधिपद सोडावं लागलं. तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, की आता मी घरी राहून पोरं सांभाळायला मोकळा झालो. बायको ढसाढसा रडली. तिचा बाप रोंगलू म्हणजे त्सशीचा उजवा हात. तिला असला नवरा कसा चालावा? धाकट्या मुलाला, पूजिएला, तिने पुढे बजावून ठेवलं की मोठेपणी वडिलांसारखा होऊ नकोस. आमची आजी मात्र झायफेंगच्या बाजूची. “शहाणा होता की माणूस. त्याला कळलं होतं.”

गादी गेल्याचं पू यीला कळलंच नाही. एकच दृश्य त्याच्या आठवणीत राहिलं. राजविधवा लोंगयू रुमालाने डोळे पुसतेय आणि समोर लाल गादीवर एक लठ्ठ म्हातारा गुडघे टेकून रडतोय. हा म्हातारा कोण, असा प्रश्न पोराला पडला. तो दरबाराचा पंतप्रधान युआन शिकाय होता आणि बादशाही मोडीत काढण्याचा सौदा ठरवायला आला होता. १२ फेब्रुवारी १९१२ ला लोंगयूने पोराच्या वतीने राजत्याग जाहीर केला. २६८ वर्षं बीजिंगवर राज्य केलेलं छिंग घराणं कागदावर संपलं.

कागदावर, कारण सौद्याच्या अटी चमत्कारिक होत्या. बादशहाने पदवी ठेवावी, तूर्तास राजवाड्यातच राहावं, आणि प्रजासत्ताकाने त्याला वर्षाला चाळीस लाख ताएल (चांदी मोजायचं चिनी वजन) चांदी द्यावी. पैसे वेळेवर आणि पुरते कधीच आले नाहीत, तो भाग निराळा. तर भिंतीबाहेर प्रजासत्ताक, निवडणुका आणि सेनापतींच्या मारामाऱ्या; आत निषिद्ध नगरीत पिवळ्या पालखीत बसलेला सहा वर्षांचा बादशहा, त्याच्यापुढे हाकारे घालत धावणारे खोजे आणि तेच लोटांगण.

“मग तो जेवायचा काय?” हा आजीचा पुढचा प्रश्न. आजोबा पक्वान्नांनी भरलेल्या टेबलांचं वर्णन करायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण ती ताटं बरीचशी मांडण्यापुरती असत. खरं जेवण राजविधवांच्या मुदपाकखान्यातून यायचं. एकदा पोराने चेस्टनट जास्त खाल्ले, पोट बिघडलं, तर लोंगयूने महिनाभर त्याला पातळ पेजेवर ठेवलं. भुकेने रडलं तरी कोणी दाद देईना. एके दिवशी सरदारांच्या घरून नजराण्याचे डबे आले. पोराने नेमका डबा हेरला, उघडला, थंड मांसाचा तुकडा उचलला आणि दातांखाली धरला. खोजे घाबरून तो हिसकावायला धावले. चीनचा बादशहा आणि त्याचे नोकर एका मांसाच्या तुकड्यासाठी झोंबताहेत! आजोबांच्या गोष्टीत हे दृश्य नव्हतं. असतं, तर आजीने त्या रात्री सगळ्या राजविधवांचा उद्धार केला असता.

भुकेल्या पोराला गोष्टींचं मात्र खाणं भरपूर होतं. म्हातारे खोजे संध्याकाळी राजवाड्यातल्या भुतांच्या आणि देवांच्या कथा सांगत. अंगणातला ब्राँझचा करकोचा म्हणे एकदा छिएनलोंग बादशहाच्या मागोमाग दक्षिणेला उडत गेला, तिथे बादशहाचाच बाण त्याच्या पायाला लागला, आणि तो मुकाट परत येऊन जागेवर उभा राहिला. पायावरचा गंजाचा डाग ही त्याची खूण. पू यीला अंधारात जायची भीती बसली, पण गोष्टींचं सार त्याने बरोबर टिपलं: देव असो, भूत असो, धातूचा पक्षी असो, सगळे बादशहाच्या सेवेला. वडीलधाऱ्यांची गोष्ट पोराच्या डोक्यात काय रुजवते, याचा हा नमुना आहे. सात-आठ वर्षांचा पू यी खोजांना फटके देववून त्यांची मजा बघत असे. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करून दाखवणाऱ्या एका खोजाला बक्षीस द्यायचं म्हणून त्याने केकमध्ये लोखंडाचा कीस घालायचा बेत केला. चावताना त्याचं तोंड कसं होतं ते त्याला बघायचं होतं.

त्याला थांबवणारं एकच माणूस होतं, तीच दाई. तिने आरडाओरडा केला नाही. लोखंडाने दात मोडतील, त्यापेक्षा सुके दाणे घाला, तेही चावायला गंमत येईल, असं सुचवलं. दाई वांग आडनावाची, हबेई प्रांतातल्या गरीब शेतकऱ्याची लेक. नवरा क्षयाने गेला, पदरात तान्ही मुलगी, घरात खाणारी तोंडं आणि अन्नाचा पत्ता नाही. प्रिन्स चुनच्या वाड्यात दूध पाजायची नोकरी मिळाली ती दोन अटींवर: घरी जायचं नाही, लेकीला भेटायचं नाही. तिचं दूध पू यीला मिळालं आणि तिची लेक तिसऱ्या वर्षी उपासमारीने मेली. ही बातमी वाड्याने तिच्यापासून दडवली. दुःखाने दूध बिघडेल म्हणून. पू यीच्या नवव्या वर्षी राजविधवांनी तिला अचानक काढून टाकलं, तेव्हा घरी गेल्यावर तिला कळलं की लेक कधीचीच गेली. आजोबांना हे ठाऊक नव्हतं. आजीला ठाऊक असायचं कारणच नव्हतं, पण ती दर वेळी विचारायची, “अन् त्या दाईच्या लेकराचं काय झालं हो?”

१९१७ चा जुलै उडत उडत सांगतो. छिंग राजनिष्ठेची खूण म्हणून वेणी राखलेला सेनापती झांग शून बीजिंगमध्ये घुसला आणि त्याने अकरा वर्षांच्या पू यीला पुन्हा गादीवर बसवलं. जुन्या बाजारात दरबारी पोशाखांना भाव आला, आणि वेण्या कापून बसलेले लोक घोड्याच्या केसांच्या वेण्या विकत घेऊ लागले. मग प्रजासत्ताकाच्या एका विमानाने राजवाड्यावर तीन लहान बाँब टाकले. एक पालखीवाला जखमी झाला, बाकी नुकसान किरकोळ. बारा दिवसांत कारभार आटोपला.

पुढे स्कॉटिश शिक्षक रेजिनाल्ड जॉन्स्टन आला, आणि त्याच्यामागे चष्मा, सायकल आणि टेलिफोन. सायकल अडखळू नये म्हणून पू यीने पिढ्यान्‌पिढ्यांचे लाकडी उंबरठे करवतीने कापून काढले. टेलिफोनवरून तो कुठल्याशा उपाहारगृहाला खोटा पत्ता देऊन जेवण मागवायचा आणि रिसीव्हर ठेवून हसायचा. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, दुसरं काय करणार? पण त्याच वाड्यात दुसरंही घडत होतं. १९२१ साली एका राजविधवेशी त्याचं भांडण झालं. तिने त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मानी बाई घरी गेली आणि तिने अफू गिळून जीव दिला. राजवाड्यात नेल्यानंतर बरीच वर्षं मायलेकरांची एकदाही भेट झाली नव्हती. आई कुठे होती, या आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे.

१९२२ मध्ये फोटोवर खूण करून बायको निवडली. आधी खूण झाली वेनशिऊच्या फोटोवर. राजविधवांना ती पसंत पडेना, म्हणून वानरोंग सम्राज्ञी झाली आणि वेनशिऊ धाकटी राणी. दोघींचं आयुष्य एका पेन्सिलीच्या खुणेने ठरलं. दोन वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९२४ ला, सेनापती फेंग युशिआंगच्या माणसांनी तीन तासांची मुदत देऊन सगळ्यांना राजवाड्याबाहेर काढलं. त्याआधीच पू यीने भावाच्या दप्तरातून हजाराहून जास्त मौल्यवान चित्रं आणि हस्तलिखितं बाहेर पाठवली होती. खोजे चोरी करतात म्हणून त्याने त्यांना १९२३ मध्ये हाकललं होतं, आणि हा त्यांच्यावर ताण.

आता आजोबांच्या आणि माझ्या वाटा वेगळ्या होतात. आजोबांची गोष्ट अशी: जपान्यांनी बिचाऱ्याला फसवून मांचुरियात नेलं आणि बाहुलं करून बसवलं. पण सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घशात घातला तेव्हा पू यी त्यानजिनला जपानी वसाहतीत राहत होता, आणि गादी परत मिळावी म्हणून झुरत होता. वेनशिऊ त्याच वर्षी घटस्फोट घेऊन निघून गेली होती. चीनच्या बादशहाकडून सोडचिठ्ठी घेणारी बाई, तिचं मला फार कौतुक आहे. म्हातारा गुरू चेन बाओछेन त्याला सांगत होता, घाई नको. पू यीने ऐकलं नाही. १० नोव्हेंबरच्या रात्री तो मोटारीच्या डिकीत लपला, वाटेत गाडी खांबावर आदळून डोकं शेकून घेतलं, आणि नंतर बोटीने निसटला. जपान्यांचा डाव होता, दबाव होता, हे सगळं खरं. पण १९०८ मध्ये त्याला उचलून नेलं होतं. १९३१ मध्ये तो स्वतःच्या पायांनी गेला. वय पंचवीस.

१९३२ मध्ये जपान्यांनी मांचुरियात उभारलेल्या मांचुकुओचा मुख्याधिकारी, १ मार्च १९३४ ला बादशहा. पहाटे त्याने छिंग बादशहांचा ड्रॅगनचा झगा घालून देवाला नमस्कार केला, मग जपान्यांनी झगा उतरवून लष्करी गणवेश चढवायला लावला. त्याच्या राज्यात अफूचा सरकारी मक्ता होता, वेठबिगारी होती, हार्बिनजवळ माणसांवर जंतूंचे प्रयोग करणारं ७३१ क्रमांकाचं पथक होतं. तो समोर येईल त्या कागदावर सही करत होता. मांचुरिया पचल्यावरच जपान १९३७ मध्ये उरलेल्या चीनवर तुटून पडला, आणि त्या युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला सोलापूरचा मुलगा गेला. सांगड खरी होती ती इथे. आजोबांनी दोघांना एकाच गोष्टीत घेतलं हे बरोबर केलं, फक्त एकाच बाजूला उभं केलं.

वानरोंग अफूत बुडाली. तिला दुसऱ्या माणसापासून मूल झालं, ते जन्मताच संपवलं गेलं, आणि १९४६ च्या जूनमध्ये यानजीच्या तुरुंगात नशेविना तडफडत ती मेली. दोन महिन्यांनी पू यी तोक्योला साक्षीच्या पिंजऱ्यात आठ दिवस उभा राहिला. मी निर्दोष, सगळं जबरदस्तीने झालं. जपानी युद्धमंत्री मिनामीला त्याने पिवळ्या रेशमावर पाठवलेलं पत्र पुढे आलं, तर बनावट म्हणून हात झटकले. पत्र खरं होतं. स्वतःची मान वाचवायला आपण कोर्टात खोटं बोललो, हे त्याने पुढे आत्मचरित्रात कबूल केलं. आजोबांनी ऐकलेली निर्दोष बाळराजाची गोष्ट याच साक्षीतून निघालेली.

जपान हरल्यापासून रशियन कैदेची पाच वर्षं (तोक्योची साक्ष याच काळातली), मग १९५० पासून चीनमध्ये फुशुनचा तुरुंग, कैदी क्रमांक ९८१. चाळिशी उलटलेल्या माणसाला बुटाचे बंद बांधता येत नव्हते. ४ डिसेंबर १९५९ ला माफी मिळाली. बीजिंगच्या वनस्पतिउद्यानात नोकरी, १९६२ मध्ये ली शूशिएन नावाच्या परिचारिकेशी लग्न, १७ ऑक्टोबर १९६७ ला मूत्रपिंडाच्या कर्करोगाने मृत्यू. १९९५ मध्ये त्याची रक्षा छिंग बादशहांच्या पश्चिमेकडच्या समाध्यांजवळ एका खाजगी स्मशानभूमीत हलवण्यात आली.

दुर्दैवी होता, यात शंका नाही. निष्पाप नव्हता. त्याचं आत्मचरित्र १९६४ चं; तुरुंगातल्या कबुलीजबाबांतून निघालेलं आणि सरकारी संपादकाच्या मदतीने बेतलेलं. त्यातला आपण कसे सुधारलो हा भाग मिठाच्या खड्यासह घ्यावा, कारण तो ऐकणारे कोण, हे सांगणाऱ्याला पक्कं माहीत होतं. पण वाचायचं असेल तर जरूर वाचा, आणि दाईची पानं आधी वाचा. बादशहा झाल्यावर पू यीने तिला शोधून मांचुरियात आणलं होतं. तिने आपल्या ओळखीवर कधी कुणासाठी काही मागितलं नाही, आणि पोटच्या लेकीबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही, असं त्याने लिहिलं आहे. खोटं बोलण्यात त्याला काही मिळण्यासारखं नव्हतं, अशी त्या पुस्तकातली मला सापडलेली पानं एवढीच.